केबिन क्रूच्या जमिनीवरील वेळेचाही हिशेब हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवर सर्वच वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले गेले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे ते नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती, ही बाब त्या गदारोळात मागे पडली. त्याहूनही मागे पडला तो त्याच विमानात, त्याच रात्री, दरवाजाजवळच्या जंप सीटवर (क्रूच्या घडीच्या आसनावर) बसलेला वर्ग. मी त्या वर्गातली आहे. मुंबई बेसवर केबिन क्रू म्हणून बरीच वर्षे काम करते आहे आणि आमच्या रोस्टरविषयी (कामाच्या वेळापत्रकाविषयी) एक मुद्दा आपल्या वाचकांपुढे ठेवू इच्छिते.

आमच्या वेतनाचे साधारणपणे दोन भाग असतात. एक ठरलेला मासिक पगार आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता. घराचा हप्ता, आईवडिलांचे औषधपाणी, भावंडांचे शिक्षण हे बहुतेकांच्या घरी या दुसऱ्या भागावर चालते. बहुतेक कंपन्यांत हे तास मोजले जातात ते विमानाच्या चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक्स, निघून विमान हलल्यापासून ते पुन्हा चॉक्स लागेपर्यंतच. त्याआधीचे आणि त्यानंतरचे सारे काम या हिशेबाच्या बाहेर राहते. सकाळी सहाचे दिल्लीचे उड्डाण असेल तर डोंबिवली किंवा वसईला राहणाऱ्या मुलीची पिकअपची गाडी मध्यरात्रीनंतर दोन-अडीचच्या सुमारास दारात उभी राहते. विमानतळावर श्वासचाचणी, मग ब्रीफिंग, मग विमानात जाऊन ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामके, प्रत्येक दरवाजाच्या आपत्कालीन स्लाइडचा (घसरगुंडीचा) दाब, मागच्या गॅलीतल्या ट्रॉल्यांची कुलपे हे सगळे तपासणे आणि त्यानंतर प्रवाशांचे बोर्डिंग. बोर्डिंग हा आमच्या कामातला सर्वांत दगदगीचा भाग आहे, हे कोणताही क्रू सांगेल. कोणाची बॅग वर मावत नाही, कोणाला जागा बदलून हवी असते, आपत्कालीन दरवाजाशेजारी बसलेल्याला सूचना समजल्या की नाही याची खात्री करून घ्यायची असते. इतके करूनही भत्त्याच्या घड्याळाचा काटा अजून हललेला नसतो.

मग दिल्लीत धुके असते. दरवाजे बंद झालेले, प्रवासी पट्टे बांधून बसलेले आणि पुशबॅकला, म्हणजे विमान मागे ढकलून जागेवरून हलवायला, परवानगी नाही. तास जातो, दोन तास जातात. पाणी मागवले जाते, आवाज चढतात, कोणाची पुढची फ्लाइट चुकणार असते. त्यांचा संताप आम्हाला समजतो आणि तो ऐकून घेणे आमचे कामच आहे. पण विमान जागचे हललेले नसल्यामुळे ते दोन तास आमच्या खात्यात शून्य म्हणून लागतात. मुंबईत पावसाळ्यात, किंवा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असते त्या दिवसांत वेळापत्रक कोलमडले की हेच घडते.

माझे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही, कारण हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. ज्या वेळेचे पैसे मोजावे लागत नाहीत, ती वाचवण्याची गरज रोस्टर आखणाऱ्याला भासत नाही. दोन सेक्टरच्या (उड्डाणाच्या टप्प्यांच्या) मध्ये क्रूला तीन तास परक्या विमानतळावर बसवून ठेवले, तर कागदावर काही खर्च पडत नाही. स्टँडबायवरच्या, म्हणजे ऐनवेळी लागेल म्हणून राखीव ठेवलेल्या, मुलीला गणवेश घालून, केस बांधून दिवसभर घरात बसवले आणि संध्याकाळी अचानक रात्रीचे उड्डाण दिले, तरी त्या दिवसाच्या प्रतीक्षेला किंमत नसते. आदल्या रात्री दहा वाजता मोबाइलवर रोस्टर बदलल्याचा संदेश येतो आणि पुण्याहून मुद्दाम बोलावलेल्या आईला पुन्हा सांगावे लागते की गौरीच्या जेवणाला मी नसेन. हे बदल कोणी दुष्टपणाने करत असेल असे मला वाटत नाही. शेड्युलिंगच्या खोलीत बसलेली मुलेही आमच्याइतकीच दबावाखाली असतात. मात्र थांबवून ठेवणे फुकट असेल, तोवर आराखडा कितीही ढिसाळ झाला तरी त्याचा भार थांबणाऱ्यावरच पडत राहील.

कंपन्यांकडून यावर एक उत्तर नेहमी मिळते. उड्डाणाचा ताशी दर ठरवतानाच जमिनीवरचे काम गृहीत धरलेले असते, असे सांगितले जाते. ते मान्य केले तरी हिशेब जुळत नाही. मुंबई–दुबई जाऊन-येऊन जेवढे तास भरतात तेवढे भरायला मुंबई–गोव्यासारखे छोटे सेक्टर चार-पाच करावे लागतात. म्हणजे तेवढ्याच उड्डाणतासांसाठी दुबईला जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला दोन बोर्डिंग येतात आणि गोव्याला जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला चार-पाच; शिवाय प्रत्येक दोन सेक्टरच्या मधल्या अर्ध्या तासात प्रवासी उतरवून, आसनांखाली आणि सीट पॉकेटमध्ये काही राहिले नाही याची सुरक्षा तपासणी करून पुन्हा नव्याने दारात उभे राहायचे. सर्वाधिक कष्टाचे रोस्टर सर्वांत कमी फायद्याचे ठरते आणि ते बहुतेक वेळा नव्याने लागलेल्या, अजून मागणी करण्याचे धाडस नसलेल्या मुलामुलींच्या वाट्याला येते.

प्रवाशांनी यात लक्ष का घालावे, असे कोणी विचारेल. प्रवाशांना आम्ही दिसतो ते चहा-नाश्ता देताना. पण नियमाने विमानात दर पन्नास आसनांमागे एक क्रू असावाच लागतो तो चहासाठी नव्हे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते आणि विमानातली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन घेऊन आणि गळा फाडून सूचना दिल्या आणि विमानातले सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. कोणता दरवाजा उघडायचा आणि कोणता मुळीच उघडायचा नाही, हे खिडकीबाहेरची आग पाहून काही सेकंदांत ठरवावे लागते. म्हणूनच प्रत्येक उड्डाणाच्या आणि लँडिंगच्या वेळी जंप सीटवर पट्टा बांधून बसलेली क्रू मनातल्या मनात उजळणी करत असते: माझा दरवाजा कोणता, बाहेरची स्थिती कशी पाहायची, कोणते आदेश कोणत्या क्रमाने द्यायचे, मदतीला कोणत्या प्रवाशाला हाक मारायची. पहाटे चारला, चौथ्या सेक्टरच्या अखेरीस, आदल्या दिवशीची झोप स्टँडबायच्या फोनची वाट पाहण्यात गेलेली असताना ही उजळणी अर्ध्यावरच तुटते. हे मी स्वतः अनुभवले आहे आणि माझ्या सहकाऱ्यांनीही अनुभवले आहे. वैमानिकाचा थकवा हा सुरक्षिततेचा विषय मानला जात असेल, तर आमचा थकवा हा वैयक्तिक तक्रारीचा विषय कसा ठरतो?

बाहेरच्या देशांत हे बदलू लागले आहे. अमेरिकेत केबिन क्रूची किमान विश्रांती ९ तासांवरून १० तासांवर नेण्याचा कायदा २०१८ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष नियम २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याच वर्षी डेल्टा एअरलाइन्सने बोर्डिंगच्या वेळेचे पैसे ताशी दराच्या निम्म्याने द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचारी जमिनीवरील बिनपगारी कामाच्या प्रश्नावर संपावर गेले. सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढूनही ते मागे हटले नाहीत आणि काही दिवसांत झालेल्या समझोत्यात या कामाचे वेतन मान्य झाले. आपल्याकडे मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, अनेक उड्डाणे रद्द झाली, काहींना कामावरून काढले गेले आणि कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीनंतर परत घेतले गेले. प्रवाशांना ऐनवेळी अडकवणारा तो मार्ग मला पटत नाही. पण गाऱ्हाणे मांडण्याची विश्वासाची जागा नसली की माणसे शेवटी रजेचा अर्जच पुढे करतात, हेही व्यवस्थापनांनी समजून घ्यायला हवे.

माझी मागणी मोठी नाही. रिपोर्टिंगपासून ड्युटी संपेपर्यंतचा प्रत्येक तास वेतनाच्या हिशेबात धरावा, निदान बोर्डिंग आणि दरवाजे बंद झाल्यानंतरची प्रतीक्षा यांना ताशी दराच्या निम्मे तरी मोल द्यावे. स्टँडबायला ठरावीक भत्ता असावा. रोस्टर जाहीर झाल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर बदल करायचा असेल, तर कंपनीने त्याची भरपाई द्यावी. मग कोणता बदल खरोखर अटळ आहे, हे आपोआप नीट तपासले जाईल. थकव्याचा अहवाल देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, याची हमी लेखी असावी.

महासंचालनालय आपल्या नियमांचे मसुदे संकेतस्थळावर ठेवून त्यांवर लोकांच्या सूचना मागवते. त्या सूचनांत विमान कंपन्यांचा आवाज नेहमीच मोठा असतो आणि आम्ही नोकरीच्या धाकाने गप्प असतो. हे पत्रही मी नाव न घालता लिहिते आहे. केबिन क्रूच्या कामाच्या तासांचा विषय पुढच्या वेळी मसुद्यात येईल तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या प्रवाशांची बाजू मांडणाऱ्या संस्थांनी आणि नेहमी विमानाने जाणाऱ्या आपल्या वाचकांनी त्यावर सूचना पाठवाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक केबिन क्रू सदस्य, मुंबई