कागदी जहाजाच्या किटमधील सदोष छपाईबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : ‘त्रिंकोमाली’ जहाजाच्या कार्ड मॉडेल (जाड कागदाची प्रतिकृती) किटमधले (स्केल १:१००) पाच ताव ३ टक्क्यांनी लहान छापल्याबाबत.

संदर्भ : आपल्या ग्राहक सेवा विभागाचा ईमेल, ज्यात हा दोष नाशिकच्या पावसाळी हवेवर ढकलला आहे.

महोदय,

‘दमट हवेत कागद आखडतो, त्याला कंपनी जबाबदार नाही’ असं आपल्या ईमेलमध्ये लिहिलं आहे. माझी सगळी नोकरी ऑफसेट छपाईत गेली, त्यामुळे हे वाक्य मी चष्मा पुसून परत वाचलं. दमट हवेत कागद आखडत नाही, वाढतो. तोही सगळीकडून सारखा नाही. ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेला जास्त वाढतो, ग्रेनच्या दिशेला जेमतेम. आपल्या प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरच्या दोन मापपट्ट्या छापल्या आहेत, एक उभी आणि एक आडवी. ताव क्रमांक ५ ते ९ वर या दोन्ही पट्ट्या ९७ मिलिमीटर भरतात. स्टीलची पट्टी लावून काढलेले फोटो सोबत आहेत. उभं-आडवं अगदी एकसारखं घटायला हवा लागत नाही. प्रिंट देताना कुणीतरी ‘फिट टू पेज’ची खूण काढायला विसरला आणि मशीनने मार्जिन सोडण्यासाठी पूर्ण चित्र आत दाबलं, एवढंच. बाकीच्या तावांवर पट्टी बरोबर १०० भरते. एकाच खोक्यातून, एकाच कुरिअरने आलेल्या कागदांपैकी पाचच तेवढे आखडले, हे कसं, ते आपणच सांगा. आणि नाशिकरोडला नोटा छापतात, त्या पावसाळ्यातही छापतात.

फोनवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘काका, तीन टक्के म्हणजे किरकोळ आहे.’ मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब आहे. १:१०० ला तो साधारण ४६ सेंटिमीटर होतो, आणि त्याचे ३ टक्के म्हणजे जवळजवळ १४ मिलिमीटर. कणा आणि आडव्या फ्रेम लेझरने कापलेल्या आहेत, मापाला चोख आहेत. त्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सांगाडा सरळ उभा राहिला. त्यावर बाहेरचं अंग क्लिपा लावून नुसतं बसवून पाहिलं, तेव्हा प्रकार लक्षात आला. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, सुरुवात केली की पहिल्या दोन-तीन खिडक्या जागेवर येतात. पुढे प्रत्येक खिडकी थोडी थोडी पुढे सरकत जाते. एका बाजूला तोफांच्या चौदा खिडक्या आहेत. शेवटच्या खिडक्यांतून तोफेऐवजी फ्रेमची लेझरने काळी पडलेली कड दिसते, आणि सुकाणूजवळ पुठ्ठा उघडा पडतो. डेकचं तेच. डेकवरची भोकं कण्यातल्या खाचांच्या पुढे पडतात, त्यामुळे डोलकाठ्या नाळेकडे कलतात. सर्वांत मागची तर शिंकायच्या बेतात असल्यासारखी वाकते.

यावर ‘फ्रेम घासून लहान करा’ असा सल्ला मिळाला. देणाऱ्याने आयुष्यात एकही कार्ड मॉडेल जोडलेलं नसावं. फ्रेमच्या कडा घासता येतात, पण कण्याची लांबी कुठून कमी करायची? फ्रेमच्या जागा त्यावरच्या खाचांनी ठरलेल्या असतात. उद्या सगळा सांगाडाच ९७ टक्क्यांवर पुन्हा कापला, तरी खाचाही तेवढ्याच अरुंद होतील आणि पुठ्ठा मात्र १ मिलिमीटर जाडच राहील. मग काहीच कशात बसणार नाही.

आता दुसरा मुद्दा, थोडक्यात. डोलकाठ्या आणि शिडांच्या आडव्या काठ्या ज्या तावावर आहेत (क्रमांक १०), त्याचं माप बरोबर आहे, पण ग्रेन उलटा आहे. नळी गुंडाळायची तर ग्रेन नळीच्या लांबीला समांतर हवा. इथे तो आडवा आहे, म्हणून कागद गोल वळायच्या ऐवजी मोडतो आणि मोडीवर शाई फुटून पांढऱ्या रेघा दिसतात. खात्री करायची असेल तर तावाचा एक तुकडा एका बाजूने ओला करून बघा, कोणत्या दिशेने वळतो ते लगेच कळेल. रिगिंगचा (डोलकाठ्या-शिडांच्या दोरखंडांचा) काळा दोरा खोक्यात नव्हताच. तो मी मेनरोडवरून आणला, त्याचे पैसे मागत नाही.

एवढा आग्रह का, असं वाटेल. बाजारात इंग्रजी जहाजांची किटं पुष्कळ आहेत. पण हे जहाज ब्रिटिश आरमाराचं असलं तरी मुंबईत, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हातचं, मलबारी सागवानात बांधलेलं आहे. १८१७ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. खोक्यावर ‘मुंबईत जन्मलेलं जहाज’ असं आपणच मोठ्या अक्षरांत छापलंय. मी ते वाचूनच घेतलं. त्याच्या बांधकामाचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाले होते. १८१२ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं आणि नकाशे गेले. आरमाराने मुंबईच्या हवेला दोष दिला नाही, नकाशांची दुसरी प्रत पाठवली. आपल्याला तर फक्त कुरिअर करायचं आहे.

तरी माझी मागणी अशी : ताव ५ ते ९ मूळ मापात आणि ताव १० योग्य ग्रेनच्या कागदावर छापून आपल्या खर्चाने पाठवावेत. पूर्ण किट परत पाठवण्याची अट मला मान्य नाही, कारण सांगाडा जोडून झाला आहे आणि त्यात दोष नाही. तावांना अजून फेविकॉल लागलेला नाही. हवे असल्यास तेवढे परत न्या. ताव देणं जमत नसेल तर किटची पूर्ण किंमत परत करावी. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन नको.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच आलेली नाही. महिनाभरात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला फीही नाही. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

ताव पाठवताना नळीत गुंडाळून पाठवू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, वर प्लास्टिक घालून पाठवा. आणि निघण्याआधी प्रत्येक तावावरची मापपट्टी कुणाला तरी मोजायला सांगा.

आपला,
(सही)
इंदिरानगर, नाशिक

सोबत : खरेदीची पावती, मापपट्ट्यांचे फोटो, सांगाड्यावर बसवलेल्या अंगाचे दोन फोटो, आपल्या ईमेलची प्रत.