"करू का?" विचारणाऱ्या आमच्या मिडवाइफना थँक्यू

ऑकलंडमध्ये दिवस राहिले तेव्हा डॉक्टर सोडून मिडवाइफ (म्हणजे शिकलेली सुईण) कशाला गं, असं आई पुण्याहून रोज फोनवर विचारायची आणि खरं सांगते मलाही धाकधूक होतीच. न्यूझीलंडमध्ये १९९० पासून मिडवाइफ डॉक्टरशिवाय स्वतः बाळंतपण करू शकतात, आम्हा रेसिडेंट लोकांची फी सरकार भरतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

पहिल्याच भेटीत आमच्या मिडवाइफनी विचारलं, तुला काय हवंय? आजवर कुठल्याच दवाखान्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं उताणं झोपायचं नाही, नाळ लगेच कापू नका, बाळ आधी माझ्या छातीवर द्या. सगळं लिहून घेतलं. आणि कळा सुरू झाल्यावर मध्यरात्री आल्या त्या गुडघ्यांवर बसून माझी कंबर चोळत राहिल्या, दर तपासणीआधी "करू का?" विचारायच्या, नाळेचे ठोके थांबेपर्यंत थांबल्या आणि मगच कात्री नवऱ्याच्या हातात दिली.

पहाटे मदतीला आलेल्या दुसऱ्या मिडवाइफनी तर माझे घामेजलेले केस विंचरून वेणी घातली, ते मी कध्धीच विसरणार नाही. पुढे ६ आठवडे पहिल्या ताई घरी यायच्या, अळिवाची खीरसुद्धा आवडीने खाल्ली. तुम्हा दोघींचे मनापासून खूप खूप आभार, लेक मजेत आहे!