घरच्या फायरवॉलविषयी सुहासला

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

घरच्या नेटच्या दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉलच्या संगणकावर कोणती सिस्टीम टाकू, ओपीएनसेन्स, ओपनबीएसडी की ओपनडब्ल्यूआरटी, असं तू विचारलंयस. सांगतोच, पण आधी नेटवर्क कार्ड ठरव. मी उलट केलं आणि दोन महिने पस्तावलो. जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरच स्वस्तातला पोर्ट होता, त्यावर काम भागवलं. दिवसभर सुरळीत चालायचं, पण मोठी फाइल उतरवायला लावली की पोर्ट मुका व्हायचा. हिरवा दिवा लुकलुकतोय, नेट मात्र बंद! केबल काढून परत घातली की चालू. एकदा आई ताईशी व्हिडिओवर बोलत होती, नेमकं तेव्हाच झालं. ती फोन हातात धरून बसून राहिली. तो चेहरा अजून आठवतो.

मग सर्व्हरमधून निघालेलं इंटेलचं चार पोर्टांचं आय-३५० घेतलं, तेव्हापासून एकदाही अडलं नाही. ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडी सिस्टीमवर उभं आहे, तिच्यात या कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) पक्के आहेत. बाजारात नकली आय-३५० पुष्कळ फिरतात, तेव्हा ओळखीच्या माणसाकडूनच घे. नवीन छोटा पीसी घेणार असशील तर इंटेलचा एन१०० प्रोसेसर आणि इंटेलच्याच आय-२२६ चिपचे पोर्ट बघ. वीज कमी खातो.

आता सिस्टीम. ओपनबीएसडीचा मला मनापासून आदर आहे. ‘पीएफ’ हे पॅकेट फिल्टर, म्हणजे येणारा-जाणारा डेटा नियमांनुसार गाळणारा भाग, तिथलंच, २००१ सालचं. पुढे ते फ्रीबीएसडीत आलं आणि ओपीएनसेन्स त्यावरच चालतं. पण ओपनबीएसडीत नियम फाइलीत हाताने लिहायचे. रात्री अकराला नेट गेलं आणि तू गावाला असलास तर वहिनींनी काय करायचं? म्हणून माझं मत ओपीएनसेन्सला, तिथे हे ब्राउझरमधून करता येतं. २०१५ साली ते पीएफसेन्स या जुन्या फायरवॉल सिस्टीममधून फुटून निघालं, जानेवारी आणि जुलैत मोठी आवृत्ती येते, आणि सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलीत मावते. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेव. ओपनडब्ल्यूआरटी उत्तम आहे, पण ते छोट्या राउटरवर जास्त शोभतं.

इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) निवड. तुमच्याकडे लाइट जाते, आणि जुन्या यूएफएसवर माझी फाइलसिस्टीम दोनदा बिघडली होती. इन्व्हर्टरवर फायरवॉल आणि फायबरचा डबा दोन्ही घे, नाहीतर एकाच्या जिवंत राहण्याला अर्थ नाही.

तुझी लाइन पीपीपीओईवर (कंपनीने दिलेलं नाव-पासवर्ड घालून जोडायची पद्धत) असेल. फ्रीबीएसडी ते काम बहुतेक प्रोसेसरच्या एकाच कोअरवर टाकतं, म्हणून कोअरची संख्या बघून भुलू नकोस. ३०० एमबीपीएसच्या लाइनला एन१०० रगड. कंपनीकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर (तो नेट नुसतं पुढे पाठवेल असा) करून घे, म्हणजे दुहेरी नॅट, म्हणजे पत्त्यांची दोनदा अदलाबदल, टळेल.

वायफाय फायरवॉलमध्ये नकोच. जुना राउटर आहे ना? त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद कर आणि त्याच्या लॅन पोर्टातून जोड. कॅमेरे आणि टीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या वेगळ्या नेटवर्कवर) टाकायचे, त्यासाठी अशी विभागणी करता येणारा मॅनेज्ड स्विच लागेल, आठ पोर्टांचा पुरे.

कार्ड घेण्यापूर्वी त्याचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
अनिल