दोन देश, एक संघ: आई-बाबांना पत्र

लिमरिक, आयर्लंड

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, त्या बेटाची फाळणी झालीय ना? वरचा भाग अजून ब्रिटनमध्येच आहे. मग रग्बीचा संघ एकच कसा?" तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं आणि विषय राहून गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. इथे जन्मलेल्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटतच नाही, त्यांच्या लेखी हा संघ असाच असतो. आयुष्यभर वर्गात फाळणी शिकवलेल्या माणसालाच हे खटकणार. तेव्हा आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, सावकाश लिहिते. आई, तूही वाच. तुझ्यासाठीही यात आहे.

सरळ उत्तर एवढंच की संघ फाळणीपेक्षा जुना आहे. आयर्लंड पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७५ साली लंडनला इंग्लंडविरुद्ध खेळला आणि हरला. तेव्हा उत्तरेची आणि बाकीच्यांची संघटना वेगवेगळी होती. १८७९ मध्ये दोन्ही एक झाल्या. १९२१ साली अल्स्टरमधल्या सहा काउंट्या वेगळ्या काढून उत्तर आयर्लंड केलं, तेव्हा फुटबॉलवाले फुटले. रग्बीवाल्यांनी मात्र आपलं घर वाटून घेतलं नाही. अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कॉनाक्ट हे चार प्रांत आणि त्यांतून निवडलेला एक संघ, हे आजतागायत तसंच चालू आहे.

पण एक राहायचं ठरवलं म्हणून सगळं सोपं झालं असं नव्हे. राष्ट्रगीत कोणाचं लावायचं? १९५४ साली बेलफास्टला सामना होता. दक्षिणेतले खेळाडू ब्रिटिश राष्ट्रगीतासाठी उभे राहायला तयार होईनात. कशीबशी तडजोड झाली, सामना झाला, पण त्यानंतर २००७ पर्यंत आयर्लंडच्या मुख्य संघाचा एकही सामना बेलफास्टला ठेवला गेला नाही. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात तर राष्ट्रगीताच्या जागी एका जुन्या प्रेमगीताची टेप वाजवली. शेवटी १९९५ च्या विश्वचषकासाठी उत्तरेतल्या डेरी शहराचे संगीतकार फिल कोल्टर यांच्याकडून 'आयर्लंड्स कॉल' हे गाणं मुद्दाम करवून घेतलं. त्यात चारही प्रांत आहेत, राजा-राणी नाही की बंदुका नाहीत. डब्लिनला आयरिश राष्ट्रगीत आणि हे गाणं दोन्ही होतात, परदेशात फक्त हे. पुष्कळांना ते मिळमिळीत वाटतं. मला ते आवडतं. कोणालाही मान खाली घालावी लागू नये म्हणून लिहिलेलं गाणं आहे ते.

आता खरी परीक्षा कधी झाली ते सांगते. १९७२ च्या जानेवारीत डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी तेरा जण गेले. तीन दिवसांनी डब्लिनमधला ब्रिटिश दूतावास जमावाने जाळला. आयर्लंडचा संघ त्या मोसमात पॅरिस आणि लंडन जिंकून आला होता, पण स्कॉटलंड आणि वेल्स डब्लिनला आलेच नाहीत. भीती खोटी नव्हती, त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडची पाळी होती. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त राग, तेच. आणि ते आले. लॅन्सडाउन रोडच्या मैदानात इंग्लंडचे पंधरा जण उतरले, तसं सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि कितीतरी मिनिटं टाळ्या थांबेनात. सामना आयर्लंडने १८-९ असा जिंकला. रात्रीच्या जेवणाला इंग्लंडचा कप्तान जॉन पुलिन म्हणाला, आम्ही फारसे चांगले खेळत नसू, पण निदान येतो तरी. हे वाक्य आजही इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं.

संघाच्या आत काय होत असेल, याचा विचार मी बरेचदा करते. अल्स्टरच्या काही खेळाडूंची नोकरी उत्तरेच्या पोलिसांत होती, म्हणजे आयआरए या ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र संघटनेच्या बंदुकीचं थेट लक्ष्य. तोच माणूस सरावासाठी सीमा ओलांडून डब्लिनला यायचा आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ घोळका करून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तेव्हा, मन्स्टरच्या माणसाच्या खांद्यात खांदा अडकवायचा. १९८७ च्या एप्रिलमध्ये नायजेल कार, डेव्हिड अर्विन आणि फिलिप रेनी हे तिघे एका गाडीतून सरावाला निघाले होते. सीमेजवळ आयआरएने एका न्यायाधीशासाठी पेरलेला बॉम्ब फुटला. न्यायाधीश आणि त्यांची पत्नी जागीच गेले. समोरून येणाऱ्या या तिघांची गाडी त्या स्फोटात सापडली. ते वाचले, पण कार पुन्हा कधी खेळू शकला नाही. विश्वचषक महिन्यावर आला होता. तरीही संघ फुटला नाही.

बाबा, क्रोक पार्कबद्दल मात्र मला जरा विस्ताराने लिहू द्या, कारण तुम्हाला ते कळेल तसं फार थोड्यांना कळेल.

क्रोक पार्क हे डब्लिनमधलं मैदान, पण ते रग्बीचं नव्हे. ते आहे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचं, सगळे इथे जीएए म्हणतात. १८८४ मध्ये टिपररीतल्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलात ही संस्था स्थापन झाली. इंग्रजांच्या खेळांपुढे आपले हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा जुना खेळ) आणि गेलिक फुटबॉल मरू नयेत, हा हेतू. संस्थापक मायकेल क्युसॅक स्वतः रग्बी खेळलेला माणूस. पुढे नियम एवढे कडक झाले की सभासदाने रग्बी, फुटबॉल, क्रिकेट खेळायचं तर नाहीच, बघायलाही जायचं नाही. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलच्या सामन्याला गेले म्हणून १९३८ मध्ये त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ही बंदी १९७१ पर्यंत होती. आपल्याला हे टोकाचं वाटेल, पण आपल्याकडे परदेशी कापडाच्या होळ्या कशासाठी पेटल्या ते तुम्हीच मला शिकवलंत.

आणि त्या मैदानावर रक्त सांडलेलं आहे. २१ नोव्हेंबर १९२०, रविवार. सकाळी स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकेल कॉलिन्स याच्या माणसांनी डब्लिनमधल्या ब्रिटिश गुप्तहेरांना त्यांच्या बिऱ्हाडांत जाऊन मारलं. दुपारी क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपररी यांचा गेलिक फुटबॉलचा सामना सुरू होता. सरकारी सशस्त्र दल आत घुसलं आणि गर्दीवर गोळीबार केला. चौदा जण गेले. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा. जेन बॉइल नावाची मुलगी होती, तिचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच पडला. आज तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे.

तुमच्या मनात या क्षणी जालियनवाला बाग आली असणार. माझ्याही आली होती. म्हणून शोधलं, आणि जे सापडलं त्याने बराच वेळ काही सुचेना. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याच टिपररीत जन्मलेला. डायरचं शाळेतलं काही शिक्षण कॉर्क काउंटीतल्या मिडल्टनला झालेलं. म्हणजे ज्या टिपररीचा होगन गोळी लागून पडला, तिथलाच माणूस वर्षभर आधी अमृतसरच्या गोळीबाराचं समर्थन करत होता. आणि १९२० च्याच उन्हाळ्यात जालंधरला कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी मायदेशातल्या अत्याचारांच्या निषेधार्थ बंड केलं. त्या बंडात सामील झालेल्या त्याच पलटणीतल्या जेम्स डेलीला दगशाईला गोळ्या घातल्या. एकाच मातीत दोन्ही प्रकारची माणसं उगवतात. इथल्या लोकांशी मी हे बोलते तेव्हा ते टाळत नाहीत.

तर २००७ साली लॅन्सडाउन रोडचं जुनं मैदान पाडून नवं बांधायचं होतं. रग्बीला जागा नव्हती. जीएएने दोन वर्षं आधीच, पुष्कळ कडवट वादानंतर, मतदान घेऊन आपला नियम शिथिल केला होता. २४ फेब्रुवारीला इंग्लंड क्रोक पार्कवर खेळायला आलं. म्हणजे होगन जिथे पडला तिथे ब्रिटिश राष्ट्रगीत वाजणार. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता म्हणतात. शिट्ट्या घालतील का, पाठ फिरवतील का, ही धास्ती. वाजलं, आणि ऐंशी हजारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. संपल्यावर टाळ्या वाजवल्या. मग आयरिश राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा जॉन हेज आणि जेरी फ्लॅनरी हे आमच्या मन्स्टरचे दोन दांडगे गडी कॅमेऱ्यासमोर रडत होते. आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला. त्यातला शेन हॉर्गनचा ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, बघाच. रोनन ओगाराने आडवा उंच मारलेला चेंडू त्याने इंग्लंडच्या खेळाडूच्या डोक्यावरून उडी मारून पकडला, अगदी गेलिक फुटबॉलमध्ये पकडतात तसा. त्या मैदानाचा मान त्या एका झेलात राखला गेला असं मला वाटतं. मी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघते.

रग्बीमुळे इथे शांतता आली असं मी म्हणणार नाही. १९९८ चा करार राजकारणातल्या माणसांनी, खूप किंमत मोजून केला. उत्तरेत आजही रग्बी जास्त करून प्रोटेस्टंट शाळांत चालते आणि कॅथलिक मुलं गेलिक खेळांकडे जातात. तरीही वाईट काळातही एकत्र जमायची एक जागा त्यांनी मोडू दिली नाही, याचं मला मोल वाटतं.

आता आमच्या लिमरिकचं. डब्लिनमध्ये रग्बी बहुतेक फी भरून शिकणाऱ्या शाळांतून येते. लिमरिकमध्ये ती गोदीतल्या हमालांची, कारखान्यातल्या कामगारांची. गॅरीओवेन, शॅनन, यंग मन्स्टर हे इथले क्लब म्हणजे एकेका वस्तीचा जीव. आणि ३१ ऑक्टोबर १९७८ हा इथला सण. त्या मंगळवारी दुपारी थॉमंड पार्कवर मन्स्टरने न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, म्हणजे ऑल ब्लॅक्सना, १२-० असं हरवलं. क्रिस्टी कँटिलनचा ट्राय, त्यावर टोनी वॉर्डची जादा गुणांची किक, म्हणजे कन्व्हर्जन, आणि त्याचेच खेळता खेळता किक मारून केलेले दोन ड्रॉप गोल. त्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्सनी इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड सगळ्यांना हरवलं. हरले ते फक्त इथे. कप्तान डोनल कॅनिफला सामना संपल्यावर कळलं की आपले वडील गेले. शहर एकीकडे नाचत होतं आणि हा मुलगा घरी निघाला होता. आई, तो भाग शेजारच्या आजोबांनी सांगितला तेव्हा मला तुमच्या दोघांची फार आठवण आली. जास्त लिहीत नाही.

थॉमंड पार्कची एक रीत आहे. कोणी गोलाकडे किक मारायला उभा राहिला की अख्खं मैदान गप्प होतं. आपला असो वा परका. पंचवीस हजार माणसं, आणि लांबच्या रस्त्यावरच्या बसचा आवाज येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या विरुद्धचा खेळाडू उभा होता, किक गेली तर आम्ही हरणार होतो, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. बाजूला एक लहान पोरगा कुजबुजला तर त्याच्या आजीने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

आई, तुला या खेळात नुसती मारामारी दिसते हे मला माहीत आहे. आपल्या कबड्डीतली पकड पळता पळता घातली तर कशी, तसं समज. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी हल्ली खेळाडूला बाहेर नेऊन डॉक्टर तपासतात. बायकाही खेळतात. २०१४ च्या विश्वचषकात आयर्लंडच्या मुलींनी न्यूझीलंडला १७-१४ असं हरवलं, पुरुषांना ते जमायच्या दोन वर्षं आधी! आणि जॅक काइल तुला नक्की आवडला असता. बेलफास्टचा. १९४८ साली आयर्लंडने पाच देशांच्या रग्बी स्पर्धेतले आपले सगळे सामने पहिल्यांदा जिंकले, त्याचा हिरो. पुढे डॉक्टर म्हणून तो झांबियातल्या चिंगोला गावी गेला आणि तीसहून जास्त वर्षं तिथे शस्त्रक्रिया करत राहिला. २००९ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध १७-१५ असा विजय मिळवून आयर्लंडने तसा पराक्रम पुन्हा केला, तेव्हा हा ऐंशी ओलांडलेला माणूस प्रेक्षकांत होता.

शिवाय तुझ्या माहेरचा माणूस इथे पंतप्रधान होऊन गेला, हे मी ऑफिसात अभिमानाने सांगते. लिओ वराडकर, वडील मुंबईचे, मूळ गाव तुझ्या मालवणजवळचं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले होते तेव्हाचे फोटो तूच मला पाठवलेस.

आता कामाचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स, म्हणजे सहा देशांची रग्बी स्पर्धा, असते. तुम्ही दोघांनी तेव्हा इकडे यावं अशी माझी फार इच्छा आहे. थंडी असते, पण साताऱ्याहून आणलेल्या शालींची गरज पडणार नाही, जाड कोट मी इथेच घेऊन ठेवते. डब्लिनच्या सामन्याची तिकिटं मिळणं कठीण, मी प्रयत्न करते. नाही मिळाली तर थॉमंड पार्कला मन्स्टरचा सामना बघू. ते घरापासून जवळ आहे आणि बाबांच्या गुडघ्यासाठी पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशा रांगेतल्या जागा बघेन. क्रोक पार्कमधलं संग्रहालय एक दिवस नक्की. बाबा, तिथे तुम्हाला घाई करणार नाही. विमान दुबईला बदलावं लागेल, तिथे व्हीलचेअर आधीच सांगून ठेवते, त्यात संकोच करू नका. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून या आठवड्यात कळवा. आणि आईची बीपीची गोळी तीच चालू आहे की बदलली, तेही लिहा.

तुमची,
धाकटी