निवृत्तांच्या जुन्या गुंतवणुकीला जुनेच नियम राहू द्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सविनय नमस्कार.

ज्यांचा पगार थांबला आहे आणि ज्यांना सरकारी पेन्शन नाही, अशा गुंतवणूकदारांपैकी एक या नात्याने हे पत्र लिहीत आहे. बाजार पडतो याबद्दल आमची तक्रार नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये १०,००० च्या खाली आला होता आणि २३ मार्च २०२० रोजी तो एकाच दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला, हे आम्ही पाहिलेले आहे. अशा काळात शेअर विकावे लागू नयेत म्हणूनच निवृत्त माणूस काही वर्षांच्या खर्चाची रक्कम डेट फंडात (मुख्यतः कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) वेगळी ठेवतो आणि तिच्यातून घरखर्च चालवतो. निवृत्तीच्या सुरुवातीलाच पडलेल्या भावाने शेअर विकावे लागले, तर पुढे बाजार सावरला तरी त्याची पुंजी सावरत नाही, कारण विकून टाकलेल्या शेअरांना त्या तेजीचा लाभ मिळत नाही.

नेमक्या या राखीव रकमेचे करनियम १६ महिन्यांत दोनदा बदलले. मार्च २०२३ मध्ये, फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नसलेली तरतूद वित्त विधेयकात दुरुस्तीद्वारे आली आणि १ एप्रिलपासून घेतलेल्या डेट फंडांचे इंडेक्सेशन, म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरून उरलेल्या नफ्यावरच कर भरण्याची सवलत, गेले. आधीची गुंतवणूक मात्र सुरक्षित ठेवली गेली, आणि त्या भरवशावर अनेकांनी ती हलवली नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने तिचेही इंडेक्सेशन काढून घेतले, तेही त्याच दिवसापासून.

कराचा दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आला, हे खरे. महागाईपेक्षा बराच अधिक परतावा मिळाला असेल तर नवा दर फायद्याचाही ठरतो. डेट फंडाचे तसे नसते. समजा, १० लाखांचे १३.५ लाख झाले आणि महागाई निर्देशांकानुसार खरेदी किंमत १२.५ लाख धरली गेली, तर पूर्वी १ लाखावर २०,००० रुपये कर बसला असता, आता ३.५ लाखांवर ४३,७५० रुपये बसतो (उपकर वेगळा). ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये १५ वरून ३० लाख झाली, याबद्दल आभारच आहेत, परंतु तिचे व्याजही करपात्र आहे.

न्याय्य मार्ग सरकारला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. शेअरांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर २०१८ मध्ये पुन्हा कर आला, तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा वगळला होता. जुलै २०२४ च्या त्याच अर्थसंकल्पावर घर आणि जमिनीच्या मालकांनी नाराजी व्यक्त केल्यावर, जुन्या मालमत्तेसाठी इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के असा पर्याय ऑगस्टमध्ये देण्यात आला. डेट फंडधारकांना तो का नाकारला, याचे पटणारे कारण मला सापडत नाही. आमचा आवाज लहान होता, एवढेच दिसते.

म्हणून विनंती अशी, की १ एप्रिल २०२३ पूर्वी घेतलेली आणि अद्याप न विकलेली डेट फंडांची युनिट्स ज्यांच्याकडे आहेत, त्यांना येत्या वित्त विधेयकात हाच पर्याय द्यावा, आणि यापुढे अशा गुंतवणुकीवरील करबदल मूळ अर्थसंकल्पातच मांडून तो केवळ नव्या खरेदीला लागू करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त करदाता