बागेतल्या पेव्हर ब्लॉकचं

भावा,

फोनवर हे धड बोलता येत नाही, तू मधेच "साईटवर आहे, नंतर बोलू" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहायलोय. आपल्या बागेत पेव्हर ब्लॉक घालायचं ठरलंय. रेन ट्रीच्या चारी बाजूंनी, पार बुंध्याला टेकवून.

2021 च्या पुरानंतर तिथं काय उरलं होतं ते तू बघितलंयस. गाळ, बाटल्या, कमरेएवढं गाजर गवत. अण्णा, मास्तर, भाभी आणि तालमीतली पोरं, रविवारचा रविवार येऊन सगळ्यांनी ते उपसलं. गाजर गवत फुलायच्या आधी मुळासकट काढायचं, हातमोजे घालूनच, नाहीतर अंगभर खाज. पाला जाळायचा बंद केला, विटांचे हौद बांधले. रेन ट्रीची पानं बारीक, झटकन कुजतात, त्या खतावर बहावा असला धरलाय की बघत राहशील. आता बाग चांगली दिसायला लागली म्हणून सुशोभीकरणाला पैसे आलेत.

एस्टिमेटमध्ये फूटभर खोदून बॉक्स कटिंग आहे, मग मुरूम, रोलर, ग्रिट, ब्लॉक. तुला काय सांगायचं, तू रोज हेच करतोस. पण झाडाची अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात रे, आणि फांद्यांच्याही बाहेर लांबवर पसरलेली. ती तोडली, उरलेल्यांवर रोलर फिरवला की माती दगड होते, पाणी जिरत नाही, हवा जात नाही. झाड लगेच मरत नाही हीच भीती आहे. दोन-चार वर्षं हिरवं राहील, मग शेंडे वाळतील, आणि एखाद्या वळवात आडवं होईल. तेव्हा ब्लॉकला कोण दोष देणार? तू म्हणशील रस्त्याकडची झाडं डांबरात जगतातच की. जगतात मर्दा, आणि वादळात पहिली तीच पडतात.

त्यात भांडण आपल्याआपल्यातच लागलंय. भाभी पावसात चिखलावरून घसरल्या, मनगट मोडलं, त्यांना पक्की वाट पाहिजे आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांना मी काय तोंडानं नाही म्हणू? अण्णा म्हणतात झाड परदेशी आहे, दक्षिण अमेरिकेतलं, गेलं तर जाऊ दे. मी म्हटलं मिरची पण तिकडूनच आली, मग उद्यापासून तांबडा रस्सा बंद करूया? सगळे हसले, अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड पाडणं म्हणजे फक्त कापणं नव्हे, कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यात येतं, आणि 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलंय. हे मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कायदा राहू दे, दुसरी वाट कुठून न्यायची ते कागदावर दाखव.

तेवढ्यासाठी तू पाहिजेस. त्याच झाडाच्या चिकट शेंगा तू माझ्या केसात चोळल्या होत्यास, फुटबॉलात पाटाकडीलची टीम जिंकली म्हणून, आणि मी दिलबहारवाला म्हणून आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. ते अजून माफ नाही, पण हे काम केलंस तर विचार करू.

आईचा गुडघा आहे तसाच, मी बरा. वहिनींची बदली झाली का? पिंट्याला दहावीला फार पिदडू नकोस, तुझे मार्क मला पाठ आहेत.

मला वाटतं पक्की वाट झाडाच्या सावलीबाहेर, मागच्या भिंतीकडनं न्यावी, झाडाखाली नुसती माती आणि पाला राहू दे. पण भिंतीकडं पाणी तुंबतं, तुला माहितेय. तिथला उतार कसा काढायचा आणि एस्टिमेट त्याच पैशात बसतं का, एवढं काढून दे. मापं घेऊन फोटो पाठवतो, वर्क ऑर्डर अजून निघालेली नाही. एखाद्या रविवारी तूच आलास तर भाभींना तूच समजाव, तुझं त्या ऐकतात.

तुझा,
बाळू