शुक्रवारची बैठक: एक प्रसंग लिहून आणा

सर्व सिस्टर्स आणि ब्रदर्स,

येत्या शुक्रवारी दुपारी २.३० वाजता, सकाळपाळीचा हँडओव्हर झाल्यावर, नर्सिंग ऑफिसात बसायचं आहे. विषय: रुग्णाची बाजू आपण कुठे मांडली, कुठे गप्प राहिलो.

- गिब्ज यांच्या १९८८च्या चिंतनचक्राप्रमाणे (आपल्या अनुभवावर टप्प्याटप्प्याने विचार करायची पद्धत) लिहा: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, काय शिकलो, पुढे काय करणार. 'काय वाटलं' गाळू नका. तिथेच आपण घाई करतो.
- रुग्णाचं नाव, बेड नंबर, केसपेपरचा फोटो नको.
- न समजता संमतीपत्रावर अंगठा दिला गेला, असे प्रसंग जरूर आणा. डॉक्टरांना पुन्हा समजावायला बोलावणं आपलंच काम आहे.

रात्रपाळीवाल्यांनी झोप मोडू नये. कागद इन्चार्ज सिस्टरांकडे द्यावा. लिहिलेल्यावरून कुणालाही मेमो निघणार नाही.